रखमाबाईंचा नकार

हातकणंगले हे कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. सकाळच्या वेळी येथून कोल्हापूरकडे आणि इचलकरंजीकडे शिक्षणासाठी व नोकरीसाठी निघणाऱ्या मुली आता कोणाच्या कुतूहलाचा विषय राहिलेल्या नाहीत. त्यांच्या आज्यांना जे लाभले नाही ते त्यांना थोडेफार लाभले आहे. जोडीदार निवडताना त्यांचे मत विचारले जाऊ लागले आहे. परंतु होकार देण्याचा अधिकार मिळाला म्हणजे नकार देण्याचाही मिळाला, असे मात्र झालेले नाही. प्रेम जडलेल्या मुलीने मोबाईलवर कोणाकोणाशी बोलणे केले याचा हिशेब द्यावा, लग्न ठरलेल्या मुलीने नोकरी सोडावी, आणि जुळलेले संबंध नकोसे झाले तरी लोकलज्जेस्तव ते निभावून न्यावेत, अशी अपेक्षा अजूनही बाळगली जाते. तरुणांची कोंडी वेगळीच आहे. नकार म्हणजे आपला अपमान, अशी त्यांची समजूत लहानपणापासून करून दिलेली असते. प्रेमात स्वतःला विसरावे, हे खरे. पण स्वतःला गहाण टाकावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका मराठी स्त्रीचे चरित्र पुन्हा पाहण्याजोगे आहे. डॉ. रखमाबाई हे तिचे नाव.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या अगदी लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई त्या वेळी ऐन तारुण्यात होत्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला; तत्पूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्यक आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजक्या भारतीय संस्थापकांत त्यांची गणना होते. अशा घरातही काळाची रीत चुकली नाही. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आला. दादाजींनी सासऱ्यांच्या घरी राहावे, शिकावे आणि पायावर उभे राहावे, अशी बोली होती. दादाजींनी ती पाळली नाही. शिक्षण सोडून ते आपल्या मामाकडे जाऊन राहिले, आणि पुढे प्रकृतीने व पैशानेही खालावले.

इकडे रखमाबाई घरी राहून शिकत होत्या. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके येत. आईबरोबर प्रार्थना समाज व आर्य महिला समाज यांच्या सभांना जाणे होई. रखमाबाईंचा नकार हा एका दिवसाच्या रागाचा उद्रेक नव्हता, हे समजण्यासाठी ही वर्षे ध्यानात घ्यावी लागतात. स्वतःचे मोल स्वतःला कळावे यासाठी काही सामग्री लागते. वाचन, विचारी माणसांची संगत आणि पाठीशी उभे राहणारे घर या तीन गोष्टी त्यांना मिळाल्या. ज्याला आपण कोण आहोत हे ठाऊक नाही, त्याला आपली मर्यादारेषा कोठे आखावी हेही उमगत नाही.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीची मागणी केली आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. रखमाबाई त्या वेळी एकोणीस वर्षांच्या होत्या. पतीचे दारिद्र्य, त्याची ढासळलेली प्रकृती व तो राहत असलेल्या घरातील वातावरण ही कारणे पुढे आली. परंतु त्यांच्या म्हणण्याचा गाभा निराळा होता. संमती देण्याचे वय नसताना जो विवाह लावला गेला आणि जो कधी संसारात उतरला नाही, त्याने आपल्याला बांधले जाऊ नये, असे त्या म्हणत होत्या. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सहवास पुन्हा सुरू करण्याचा हुकूम देण्यासाठी तो आधी कधीतरी सुरू झालेला असला पाहिजे, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. या निर्णयापूर्वी पाचच महिने, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन निवर्तले होते. मुलीच्या पाठीशी उभा असलेला आधार अशा रीतीने ऐन लढ्यात गेला.

त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियामध्ये एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवर पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंची होती. स्वतःच्या दुःखापलीकडे पाहून त्यांनी ते असंख्य मुलींच्या दुःखाशी जोडले. दावा मात्र संपला नव्हता. अपिलात १८८६ साली आधीचा निर्णय फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी महिन्याच्या आत पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कारावास भोगावा, असा आदेश दिला. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली.

या निकालापूर्वी सहाच दिवस, २६ फेब्रुवारी रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले होते. दोघी जवळजवळ समवयस्क. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या आनंदीबाईंबद्दल समाज हळहळत होता. आणि त्याच वेळी रखमाबाईंच्या शिक्षणालाच त्यांच्या उद्दामपणाचे मूळ मानणारे थोडे नव्हते. आनंदीबाईंची योग्यता याने उणी होत नाही. परंतु पतीच्या इच्छेने मिळविलेली विद्या समाजाला भूषण वाटली आणि पतीला नकार द्यावयास शिकविणारी विद्या संकट वाटली, हे सत्य झाकता येत नाही. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. लोकमान्य टिळकांनी त्यांच्या विरोधात भूमिका घेतली. परक्या सरकारच्या न्यायालयाने हिंदूंच्या विवाहसंस्थेत ढवळाढवळ करू नये, हा विरोधकांचा मुद्दा होता. स्वाभिमानाची ही भाषा राष्ट्रासाठी खरीच होती. एका स्त्रीच्या देहाला आणि मनाला तीच भाषा लागू पडते, हे मात्र त्या वादात अनेकांना दिसले नाही.

पुढे व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला, अशी कथा अनेकदा सांगितली जाते. प्रत्यक्षात प्रकरण मिटले ते जुलै १८८८ मधील तडजोडीने. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. कोणी मुकुटधारी धावून आला आणि अन्याय दूर झाला, ही कल्पना सुखावणारी असली तरी रखमाबाईंच्या वाट्याला ते सुख आले नाही. चार वर्षांची कोर्टकचेरी, बदनामी आणि पैसा एवढे मोल मोजून त्या मोकळ्या झाल्या. आपली मर्यादा आखणे फुकट होत नाही, हे तरुणांना स्पष्ट सांगितले पाहिजे. ती न आखण्याचे मोल अधिक असते, हेही सांगितले पाहिजे.

सुटकेनंतर त्यांनी काय केले, यातच या चरित्राचा उत्तरार्ध आहे. कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये वैद्यकीय पात्रता मिळवून परतल्या. पुढे सुमारे पस्तीस वर्षे सुरत आणि राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सेवा केली. पडद्याआडच्या स्त्रियांना परपुरुष वैद्याकडे जाता येत नसे, आणि बाळंतपण म्हणजे मृत्यूशी गाठ असे. अशा स्त्रियांना रखमाबाईंचा हात लागला. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदापद्धतीविरुद्ध एक पुस्तिकाही लिहिली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९०४ साली दादाजी वारल्यानंतर त्यांनी विधवेचा पांढरा वेष धारण केला, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. काहींना यात विसंगती दिसेल. परंतु त्यांनी नाकारली होती ती सक्ती. त्या माणसाचा द्वेष त्यांनी मनात जोपासला नाही, असाही त्याचा अर्थ लावता येतो. नकार देणे आणि सूड उगवणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

त्यांच्या खटल्याने पेटलेल्या वादाला पुढे संमतिवयाच्या वादाची जोड मिळाली आणि १८९१ मध्ये मुलींचे संमतिवय दहावरून बारा करण्यात आले. नांदावयास न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली रद्द झाली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा केला. उंबरठ्याआडचा अन्याय हा राज्याचाही विषय आहे, हे करवीर दरबारने त्या काळी मान्य केले. हातकणंगले परिसराच्या वारशात हेही आहे. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा संमत होऊन स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी नव्वदीच्या रखमाबाई निवर्तल्या. गंमत अशी की त्याच कायद्याच्या नवव्या कलमात सहवासाच्या पुनःस्थापनेची तरतूद कायम राहिली. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. इंग्लंडने मात्र, जेथून ती आली होती, १९७० सालीच तिला निरोप दिला.

कायदे बदलण्यास दशके लागतात. मन बदलण्यास त्याहून अधिक. म्हणून हा विषय न्यायालयांवर सोपवून चालणार नाही. तो शाळेत, घरात आणि मित्रमंडळींत बोलला गेला पाहिजे. जोडीदाराच्या मित्रमैत्रिणी, पगार, पेहराव व पत्रव्यवहार यांवर पहारा ठेवणे म्हणजे प्रेमाची उत्कटता नव्हे, हे मुलांना कळले पाहिजे. नकार ऐकून घेता येणे हे पुरुषार्थाचे लक्षण आहे, हेही त्यांच्या कानावर पडले पाहिजे. आणि नकार देऊन घरी परतलेल्या मुलीला जयंतीबाई व सखाराम अर्जुन यांच्यासारखे उघडे दार मिळाले पाहिजे. कारण रखमाबाईंच्या धैर्याचा अर्धा भाग त्या दारात उभा होता.

जेथे नकार देता येत नाही, तेथे होकारालाही अर्थ नसतो. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बावीस वर्षांच्या एका मुलीने तुरुंगाकडे बोट दाखविणाऱ्या न्यायासनासमोर हे सांगितले. हातकणंगल्याच्या स्थानकावर सकाळी गाडीची वाट पाहणाऱ्या मुलीला ते पुन्हा न्यायालयात जाऊन सांगावे लागू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.