विश्लेषण: घरी विमान बांधायला शिकवणारे आंरी मिन्ये कोण होते? त्यांच्या ‘उडत्या पिसू’चे परवाने का थांबले?

मुंबईतील कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, तेव्हा ती देशभर नवलाची बातमी ठरली. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये मात्र घरी विमान बांधणे हा अनेक दशकांपासूनचा छंद आहे. सुट्या भागांचा संच, म्हणजे किट मागवायचे, गॅरेजमध्ये जोडायचे, तपासणी करून घ्यायची आणि उडवायचे. हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणाऱ्यांमध्ये फ्रान्सचे आंरी मिन्ये यांचे नाव आघाडीवर आहे. त्यांच्या पुस्तकामुळे शेकडो जणांनी हातात करवत घेतली. त्यांच्याच विमानात काहींचा जीवही गेला. या दोन्ही गोष्टींचा परिणाम आजच्या किट विमानांच्या नियमांमध्ये दिसतो.

आंरी मिन्ये कोण होते?

मिन्ये यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८९३ रोजी पश्चिम फ्रान्समधील सेंत या गावी झाला. ते दहा वर्षांचे असताना राइट बंधूंचे पहिले उड्डाण झाले. त्यानंतरच्या दशकात फ्रान्स हे विमानविद्येचे मोठे केंद्र बनले. त्या वातावरणात वाढलेल्या मिन्ये यांनी ग्लायडर उड्डाणांचे जर्मन प्रणेते ओटो लिलिएन्थाल यांचे बंधू गुस्ताव यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. १९१२ मध्ये त्यांनी स्वतःचे पहिले ग्लायडर बांधले. पहिल्या महायुद्धात ते रेडिओ विभागात होते. म्हणजे विमानांशी त्यांचे नाते लढाऊ वैमानिकाचे नव्हते. ते हौशी कारागिराचे होते.

युद्धानंतर त्यांनी एकामागून एक विमाने बांधली. बरीचशी नीट उडालीच नाहीत. १९२८ च्या सुमारास आलेले एचएम-८ हे एकपंखी विमान मात्र जमले. मिन्ये यांनी त्याचे आराखडे लोकांसाठी खुले केले आणि अनेकांनी ते बांधले. हौशी माणूसही विमान बांधू शकतो, हा त्यांचा दावा तेव्हापासून फ्रेंच नियतकालिकांमध्ये चर्चेत राहिला.

‘पू द्यु सिएल’ वेगळे का होते?

विमान बांधता येते, पण ते चालवणे अवघड का वाटते, हा मिन्ये यांचा पुढचा प्रश्न होता. नेहमीच्या विमानात दोन्ही हात-पाय गुंतलेले असतात. पंखांच्या टोकांकडील हलत्या पट्ट्या दांड्याने हलवायच्या आणि शेपटीचे सुकाणू पायांनी. वळताना दोन्हींचा मेळ जमला नाही आणि वेग कमी असला, तर विमान गिरक्या घेत खाली येते. नवशिक्यांच्या अनेक अपघातांमागे हेच कारण असे. मिन्ये यांनाही हा मेळ साधणे जड जात होते.

त्यांनी पंखांवरच्या पट्ट्या आणि पायांची पेडल दोन्ही काढून टाकली. उरला फक्त एक दांडा. तो डावी-उजवीकडे हलवला की सुकाणू वळे. पंखांची टोके वर उचललेली असल्याने विमान वळताना आपोआप त्या बाजूला कलत असे. दांडा पुढे-मागे केला की पुढचा अख्खा पंखच कमी-जास्त तिरका होई. नेहमीच्या आडव्या शेपटीच्या जागी दुसरा पंख होता. तो पुढच्या पंखाच्या थोडा खाली आणि अगदी जवळ बसवलेला होता.

सोइसाँ शहराजवळच्या माळावर तंबू ठोकून मिन्ये यांनी चाचण्या घेतल्या. १० सप्टेंबर १९३३ रोजी एचएम-१४ हे विमान प्रथम उडाले. पंखांची रुंदी सुमारे सहा मीटर, लांबी साडेतीन मीटर आणि रिकामे वजन जेमतेम १०० किलो. इंजिन मोटारसायकलच्या जातीचे, सुमारे १७ अश्वशक्तीचे. नाव ठेवले ‘पू द्यु सिएल’, म्हणजे आकाशातली ऊ. इंग्रजीत जाताना उवेची पिसू झाली आणि जगभर तेच नाव रूढ झाले: ‘फ्लाइंग फ्ली’, उडती पिसू.

एका पुस्तकाने काय घडवले?

१९३४ मध्ये मिन्ये यांचे ‘ल स्पोर द लेअर’ हे पुस्तक आले. त्यात विमानाची सगळी मापे होती आणि हाताने काढलेली नेटकी चित्रे होती. लाकूड कोणते घ्यावे, सरस कसा लावावा, कापड कसे ताणावे आणि शेवटी उडायला कसे शिकावे, हे सारे त्यांनी सोप्या भाषेत सांगितले होते. लाकडी खोके ठोकता येणाऱ्या माणसाला विमानही बांधता येईल, असा पुस्तकाचा सूर होता. कारखान्यात तयार झालेले छोटे विमान घ्यायला तेव्हा ब्रिटनमध्ये काहीशे पौंड लागत. पिसू १०० पौंडांच्या आत बांधून होई.

१९३५ मध्ये ब्रिटनच्या एअर लीग या संस्थेने पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद काढला. त्याच्या हजारो प्रती हातोहात खपल्या. १३ ऑगस्ट १९३५ रोजी मिन्ये स्वतः पिसूत बसून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडमध्ये उतरले, तेव्हा हे वेड आणखी वाढले. गॅरेज, गोठे, शाळांच्या कार्यशाळा, इतकेच काय घरातील दिवाणखान्यांतही पिसू आकार घेऊ लागल्या. सुटे भाग आणि किट विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. एकट्या ब्रिटनमध्ये शंभरहून अधिक पिसूंची नोंदणी झाली. घरी बांधलेल्या विमानाला पूर्ण उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळवणे अवघड होते. त्यामुळे सरकारने या विमानांसाठी साधा उड्डाण परवाना सुरू केला.

दोष नेमका काय होता?

यानंतर अपघात सुरू झाले. अपघातांची तऱ्हा सारखीच होती. विमान नाक खाली करून सूर मारत असे आणि त्यातून वर येतच नसे. प्रथम दोष बांधणाऱ्यांवर आणि नवशिक्या वैमानिकांवर गेला. पण १९३६ मध्ये ब्रिटनच्या हवाई दलातील अनुभवी वैमानिकही पिसूत मृत्युमुखी पडले, तेव्हा तो तर्क टिकला नाही.

त्याच वर्षी इंग्लंडमधील फार्नबरो आणि फ्रान्समधील शाले-मदों येथील विंड टनेलमध्ये पूर्ण आकाराच्या पिसूची चाचणी झाली आणि कारण सापडले. विमानाचे नाक खाली गेले की वैमानिक दांडा मागे ओढतो. पिसूत तसे केल्यावर पुढच्या पंखाची मागची कड खाली येई आणि दोन पंखांमधली फट अरुंद होई. त्या फटीतून हवा वेगाने मागच्या पंखावरून वाहू लागे आणि मागच्या पंखाची उचल वाढे. मागचा भाग उचलला गेला की नाक आणखी खाली जाई. नाक सुमारे १५ अंशांहून अधिक झुकल्यावर दांडा पूर्ण मागे ओढूनही विमान सावरत नव्हते. वैमानिक जी हालचाल जीव वाचवण्यासाठी करत होता, तीच त्याला जमिनीकडे नेत होती.

हा दोष बेढब कारागिरीचा नव्हता. पुस्तकातील मापे तंतोतंत पाळणाऱ्याच्या विमानातही तो होता. मिन्ये यांनी आपले विमान अनेक तास उडवले होते, पण त्या कोनापर्यंत ते कधी गेले नसावे. एका माणसाच्या एका विमानावरील अनुभव शेकडो अनोळखी लोकांच्या हाती देताना मधली तपासणी झालीच नव्हती. ब्रिटनने पिसूचे परवाने देणे थांबवले. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत तेथील पिसूंचे उड्डाण जवळपास बंद झाले होते.

मिन्ये यांचे पुढे काय झाले?

मिन्ये यांनी माघार घेतली नाही. चाचण्यांचे निष्कर्ष पाहून त्यांनी पंखांचा आकार आणि दोन पंखांमधील रचना बदलली. पुढच्या आवृत्त्यांमध्ये तो जीवघेणा दोष उरला नाही. पण नाव खराब झाले ते झालेच. १९३७ च्या सुमारास ते अमेरिकेत गेले. तेथे कारखाना काढण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. युद्धानंतर त्यांनी हौशी लोकांसाठी नवे आराखडे काढले. अर्जेंटिना, ब्राझील, जपान, मोरोक्को अशा देशांत जाऊन विमाने बांधली. कोठेही मोठा उद्योग उभा राहिला नाही. ३१ ऑगस्ट १९६५ रोजी बोर्दोजवळच्या पेसाक येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची कल्पना मात्र मागे उरली. दोन पंख एकामागे एक असलेली, सुधारित पद्धतीची हलकी विमाने फ्रान्समध्ये पुढेही बांधली गेली. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच हौशी विमानबांधणी संघटनेने आपल्या नावात मिन्ये यांच्या पुस्तकाचेच शब्द घेतले. ब्रिटनमध्येही त्याच वर्षी हौशी मंडळींची संघटना उभी राहिली.

आजची किट विमाने वेगळी कशी?

पिसूच्या वेळी जी मधली पायरी नव्हती, ती आज आहे. किट विकणारी कंपनी आधी स्वतः नमुना विमान बांधते आणि वेगवेगळ्या वेगांत, वजनांत व कोनांत उडवून पाहते. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या टप्प्यांवर संघटनेचे निरीक्षक काम तपासतात. अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने स्वतः केले असेल, तरच विमान हौशी बांधणीचे ठरते. यालाच ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. पूर्ण झालेल्या विमानाची तपासणी होते. त्यानंतरही साधारणपणे २५ किंवा ४० तास ठरावीक क्षेत्रातच, प्रवाशांविना चाचणी उड्डाणे करावी लागतात. व्हॅन्स एअरक्राफ्ट या एकाच अमेरिकी कंपनीच्या किट व आराखड्यांवरून बांधलेली ११ हजारांहून अधिक विमाने आतापर्यंत उडाली आहेत.

विमान बांधण्यासाठी कारखान्याची गरज नाही, हे मिन्ये यांनी दाखवून दिले. पण त्यासाठी विंड टनेल, निरीक्षक आणि चाचणी उड्डाणे यांना पर्याय नाही. पिसूच्या अपघातांनी हा धडा दिला आणि आजच्या किट विमानांची व्यवस्था त्याच धड्यावर उभी आहे.