अक्षरांचे कारागीर कै. जावजी दादाजी

देवळात सप्ताह बसला म्हणजे चौरंगावरील पोथी उघडून वाचन सुरू होते. पण छापील पोथीतील एकेक अक्षर पूर्वी कोणा कारागिराला पोलादावर कोरावे लागे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अशा कारागिरांत अग्रमानाचे नाव म्हणजे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक कै. जावजी दादाजी चौधरी यांचे होय.

जावजींचा जन्म इ. स. १८३९ मध्ये मुंबईस एका गरीब कुटुंबात झाला. पितृछत्र लवकरच हरपले. शाळेत जाण्याच्या वयात, दहाव्या वर्षाच्या सुमारास, ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा २ रुपये पगारावर खिळे घासण्याच्या कामास लागले. तेथे थॉमस ग्रॅहॅम नावाच्या साहेबांनी देवनागरी खिळे तयार करण्याची विद्या वाढविली होती. त्या कामातच जावजींची शाळा झाली.

हे काम अत्यंत जिकिरीचे. पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा. त्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा रस ओतला म्हणजे खिळा तयार होई. इंग्रजीची अक्षरे २६. आपल्या बाळबोध लिपीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, रफार व जोडाक्षरे धरून खिळ्यांची संख्या शेकड्यांवर जाते. मात्रा केसभर सरकली तरी ओळ बिघडे.

इ. स. १८६४ मध्ये जावजींनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांच्या कुशल हातांची त्यांना मोलाची साथ लाभली. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला व त्याचे पंचांग घरोघर पोहोचले. १८८१ पासून मुलांसाठी 'बालबोध' मासिक निघू लागले. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब या विद्वानांच्या संपादनाखाली 'काव्यमाला' सुरू होऊन जुने संस्कृत ग्रंथ प्रकाशात आले.

मुद्रणाच्या आरंभकाळी शाईत चरबी असते या समजुतीने सोवळे लोक छापील कागदास शिवत नसत. पुढे त्याच समाजात निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत, असा लौकिक झाला. ज्यांना शाळा फारशी लाभली नाही, त्यांच्या छापखान्यातील ग्रंथ शास्त्री-पंडितांनी प्रमाण मानले.

१८९२ मध्ये जावजी निवर्तले. चिरंजीव तुकाराम जावजी यांनी कार्य पुढे चालविले. आता शिशाचे खिळे मागे पडून संगणकावर अक्षरे जुळतात.

जावजींचे नाव ग्रंथांवर राहिले. राणोजींचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. जीर्णोद्धाराच्या फलकावर दात्यांची नावे कोरली जातात, ती योग्यच होय. परंतु ती नावे कोरणारा पाथरवट, महिरप घडविणारा सुतार व कळस बांधणारा गवंडी यांचीही सेवा देवाच्या चरणी तितकीच रुजू होते. अशा सर्व ज्ञात-अज्ञात कारागिरांना विनम्र अभिवादन!