खुर्ची सोडणारा अधिकारी

सरकारी नोकरीत राहून कथा-कादंबऱ्या लिहिणारे अधिकारी पुष्कळ आढळतात. निवृत्तीनंतर आठवणी लिहून सत्कार घेणारेही कमी नाहीत. परंतु रयतेवरील अन्यायाची तक्रार वरिष्ठांनी दाबली म्हणून राजीनामा देणारा आणि तीच तक्रार कादंबरी करून अख्ख्या देशापुढे मांडणारा अधिकारी विरळाच. एडुअर्ड डाउवेस डेकर हा तो डच माणूस. जग त्याला मुलतातुली या टोपणनावाने ओळखते. या लॅटिन नावाचा अर्थ, ज्याने फार सोसले तो.

२ मार्च १८२० रोजी ॲमस्टरडॅममध्ये एका जहाजाच्या कप्तानाच्या घरी त्याचा जन्म झाला. अठराव्या वर्षी तो डचांच्या ताब्यातील इंडोनेशियात नोकरीसाठी गेला. सुमात्रा बेटावर असताना त्याच्या हिशेबात तूट निघाली व तो निलंबित झाला. पैशाच्या बाबतीत तो जन्मभर बेफिकीर, पुढे जुगारीही. हे झाकण्याचे कारण नाही.

त्या काळी जावात १८३० पासून सक्तीच्या लागवडीची पद्धत होती. गावाने जमिनीचा पाचवा हिस्सा सरकारसाठी कॉफी, ऊस, नीळ अशा पिकांना द्यायचा, असा नियम. प्रत्यक्षात त्याहून जास्त जमीन आणि श्रम घेतले जात. गोरे सरकार वर बसे आणि खाली राबवून घेण्याचे काम स्थानिक सरंजामदार करीत. त्यांना रेजंट म्हणत. पिकाच्या उत्पन्नावर त्यांना टक्केवारी मिळे. परकी सत्ता आणि देशी उच्चवर्ग यांची ही भागीदारी कशी चालते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

जानेवारी १८५६ मध्ये डेकर बांतेन प्रांतातील लेबाक या गरीब जिल्ह्यात असिस्टंट रेसिडेंट म्हणून रुजू झाला. तेथील रेजंट लोकांना फुकट राबवीत होता, त्यांच्या म्हशी मोबदल्याशिवाय नेल्या जात होत्या. साधी वेठबिगारच ती. १८५४ च्या कायद्याने तर रयतेचे अशा जुलमापासून रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले होते. डेकरने ते कलम खरे मानले. रुजू होऊन दोन महिने व्हायच्या आत, फेब्रुवारीत, त्याने रेजंटविरुद्ध लेखी आरोप ठेवले आणि चौकशीआधी त्याला जिल्ह्याबाहेर हलवा अशी मागणी केली.

वकील म्हणून मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वरिष्ठ म्हणत होते, आधी पुरावा दाखवा. डेकरचे म्हणणे, आरोपी गावात मालक म्हणून बसला असताना साक्ष देणार कोण? ॲट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीदार का फुटतात हे ज्यांनी कोर्टात पाहिले आहे, त्यांना डेकरची घाई समजेल. गव्हर्नर जनरलने उलट त्याचीच बदली केली. त्याने राजीनामा दिला. नंतर झालेल्या चौकशीत आरोपांत बरेच तथ्य निघाले. काही लहान अंमलदार बडतर्फ झाले आणि रेजंट केवळ समज मिळून सुटला.

पैशाची चणचण असताना १८५९ च्या अखेरीस ब्रुसेल्समधील एका स्वस्त खाणावळवजा हॉटेलात त्याने काही आठवड्यांत 'मॅक्स हाव्हेलार' लिहून काढली. ॲमस्टरडॅमचा एक कंजूस कॉफी दलाल तिचा निवेदक. मधेच सायजा व अदिंदा या जावानी मुलामुलीची कथा येते. सायजाच्या बापाच्या म्हशी एकामागून एक हिसकावल्या जातात आणि त्या म्हशींपायी दोन घरे धुळीला मिळतात. शेवटी लेखक पात्रांना बाजूला सारून थेट राजालाच जाब विचारतो.

पुस्तक १८६० मध्ये निघाले, पण ज्या प्रतिष्ठित साहित्यिकाकडे, फान लेनेपकडे, त्याने हक्क लिहून दिले होते, त्याने गावांची नावे गाळून तेथे टिंबे घातली आणि किंमतही चढी ठेवली. डेकर कोर्टात गेला आणि हरला. सही करण्याआधी कागद वाचावा, एवढेच म्हणतो! नावांसह आवृत्ती निघायला १८७५ उजाडले.

त्याला डच राज्य नको होते असे मात्र नाही. ते न्यायी असावे एवढीच त्याची मागणी होती, आणि तिथेच त्याची दृष्टी थांबली. तरीही पुस्तकाने हॉलंड हादरले, आणि १८७० पासून सक्तीची लागवड कायद्याने टप्प्याटप्प्याने मोडीत निघू लागली.

पत्नी टीना १८७४ मध्ये व्हेनिसला वारली, बरीच वर्षे त्याच्यापासून दूर राहून. तो स्वतः १९ फेब्रुवारी १८८७ रोजी जर्मनीत वारला. जेथून त्याला घालवले, त्या लेबाकच्या रांगकासबितुंग गावी २०१८ मध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले.