डोळ्यांवाचून वाचलेले पोळे

अनुभवी मधपाळ पेटी उघडल्यावर दर वेळी राणीमाशीला शोधत बसत नाही. पोळ्याची एक चौकट उचलून तो तिची अंडी, अळ्या आणि मेणाने बंद केलेली घरे पाहतो. बंद घरे एकमेकांना लागून, सलग पसरलेली असतील आणि त्यांची झाकणे सपाट असतील, तर राणी निरोगी आहे असे तो समजतो. मध्येच रिकाम्या जागा सुटलेल्या असतील आणि कामकरी माश्यांच्या लहान घरांवर घुमटासारखी फुगीर झाकणे दिसत असतील, तर तो सावध होतो. त्या घरांत कामकरी माश्यांऐवजी नर वाढत असतात, आणि नर ना मकरंद गोळा करतात, ना पोळे राखतात. असे पोळे वेळीच सावरले नाही तर ते संपते.

या परीक्षेमागचे मूलभूत ज्ञान ज्या माणसाने जगाला दिले, त्याने स्वतः संशोधक म्हणून एकही पोळे डोळ्यांनी पाहिले नव्हते.

फ्रान्स्वा ह्यूबर यांचा जन्म २ जुलै १७५० रोजी जिनिव्हात एका सधन घराण्यात झाला. व्होल्तेर यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले चित्रकार जाँ ह्यूबर हे त्यांचे वडील. वयाच्या पंधराव्या वर्षापासून फ्रान्स्वा यांची दृष्टी मंदावू लागली आणि पुढे ती पूर्णपणे गेली. मारी-एमे ल्युलाँ या तरुणीशी त्यांचा विवाह ठरत होता. परंतु आंधळा होणारा जावई तिच्या वडिलांना मान्य नव्हता. कायद्याने स्वतःचा निर्णय घेता येईल त्या वयापर्यंत तिने वाट पाहिली आणि मग ह्यूबर यांच्याशीच लग्न केले. पतीसाठी वाचन, लेखन आणि निरीक्षण ही कामे तिने आयुष्यभर केली.

संशोधनात ह्यूबर यांचे डोळे झाला तो फ्रान्स्वा बर्नेन्स हा त्यांचा सेवक. शेतकरी कुटुंबातला हा तरुण मालकाला रेओम्यूर यांचे कीटकशास्त्रावरील ग्रंथ वाचून दाखवी. त्याच्या नजरेतली चिकाटी ह्यूबर यांनी ओळखली. जुने प्रयोग पुन्हा करायला लावून त्यांनी त्याला निरीक्षक म्हणून घडवले. प्रश्न ह्यूबर विचारत, उत्तर बर्नेन्स पाही, आणि त्या उत्तराची उलटतपासणी पुन्हा ह्यूबर करीत. एका शंकेचा निकाल लावण्यासाठी बर्नेन्सने दोन पोळ्यांतील प्रत्येक माशी हातात धरून तपासली. डंख सोसत चाललेल्या या कामाला अकरा दिवस लागले.

पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडता येणारी मधपेटीही ह्यूबर यांनी तयार करवून घेतली. तिच्यामुळे पोळ्याची प्रत्येक बाजू पाहता येऊ लागली.

राणी फलित कशी होते, हे त्या काळी मोठे कोडे होते. नरांच्या गंधानेच ती फलित होते, असेही काही विद्वान मानत. पेटीत नरांसह कोंडून ठेवलेली राणी वांझच राहते, तर उडून बाहेर गेलेली राणी परत येऊन सुमारे दोन दिवसांनी अंडी घालू लागते, हे ह्यूबर यांनी १७८८ मध्ये प्रयोगाने दाखवले. पुढचा प्रयोग अधिक महत्त्वाचा ठरला. राणीला जन्मानंतर सुमारे तीन आठवडे बाहेर पडू दिले नाही, तर नंतर मीलन होऊनही तिच्या अंड्यांतून केवळ नरच निपजत आणि ती अंडी ती कामकरी माश्यांच्या घरांतही घालीत असे. राणीतील दोष पोळ्याच्या घरांत उमटतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

असे का होते, हे मात्र त्यांना उलगडले नाही, आणि आपले अज्ञान त्यांनी लपवलेही नाही. फलित न झालेल्या अंड्यांतून नर जन्मतात, हा खुलासा १८४५ मध्ये योहान झिएर्झोन यांनी केला, तेव्हा ह्यूबर यांच्या निरीक्षणांचा अर्थ उमगला.

१७९२ मध्ये ह्यूबर यांचा ग्रंथ निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात प्रसिद्ध झाला. त्यात बर्नेन्सच्या श्रमांचे श्रेय त्यांनी मोकळेपणाने दिले होते. १७९५ मध्ये बर्नेन्स आपल्या गावी परतला. त्यानंतर पत्नी आणि पुत्र पिएर यांनी ती जबाबदारी उचलली. पुढे मुंग्यांचा अभ्यासक म्हणून पिएर यांचे नाव झाले. ग्रंथाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८१४ मध्ये निघाली. मेण परागापासून नव्हे, तर मधातील साखरेपासून माशीच्या शरीरातच तयार होते, याचे पुरावे तिच्यात होते.

पत्नीच्या निधनानंतर ह्यूबर लोझान येथे कन्येकडे राहिले आणि २२ डिसेंबर १८३१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दृष्टी असलेल्या अनेकांनी पोळ्यात जे कल्पनेने पाहिले होते, ते या अंध संशोधकाने दुसऱ्याच्या डोळ्यांनी, पण पडताळून पाहिले. आज चौकट उजेडात धरून राणीचे आरोग्य जोखणारा मधपाळ त्याच पडताळणीवर विसंबून असतो.