बटाट्याचा श्वास शोधणाऱ्या कमलाताई

पावसाळ्यात बटाटे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले, की त्यांना घाम फुटतो आणि ते सडायला लागतात. म्हणून आपल्या आई-आज्या ते टोपलीत पसरून ठेवायच्या. रीत अगदी बरोबर होती. कारण बटाटा जमिनीतून काढल्यावरही जिवंत असतो, श्वास घेत असतो. त्या श्वासातला एक महत्त्वाचा दुवा वनस्पतींमध्ये दाखवून दिला तो एका मराठी बाईनं, डॉ. कमला सोहोनी यांनी.

दुर्गाबाई भागवत आपल्याला माहीत असतात. कमलाताई त्यांची धाकटी बहीण. जन्म 1911 चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. 1933 मध्ये मुंबईहून उत्तम गुणांनी बी.एस्सी. झाल्यावर कमलाताईंनीही तिथंच अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

मुलगी परत फिरली नाही. त्यांच्या कचेरीपुढं सत्याग्रह केला. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावं लागेल आणि तिच्यामुळं प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये. हा अपमान कमलाताई आयुष्यभर विसरल्या नाहीत. पण अटी मान्य केल्या आणि श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून 1936 मध्ये एम.एस्सी. झाल्या. त्यांचं काम बघून रामन यांनी पुढं इतर मुलींनाही दार उघडलं.

तिथून केंब्रिज. तिथं रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना हातात आला आपला रोजचा बटाटा. त्यात त्यांना सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन सापडलं आणि वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाचं काम ते करतं, हे त्यांनी मांडलं. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा!

आता हे प्रथिन करतं काय? मी बारावीच्या मुलींना जीवशास्त्र शिकवते. माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं, त्यामुळं उदाहरण घरचंच देते. पेशीभोवती आणि पेशीतल्या तंतुकणिकांभोवती तेलकट पापुद्रा असतो. इतका पातळ, की तसे दहा हजार एकावर एक रचले तरी कागदाच्या पानाची जाडी होणार नाही. साखर, मीठ त्यातून आपसूक जात नाही. त्यांच्यासाठी पापुद्र्यात प्रथिनांची दारं असतात. काही नुसती नळासारखी, काही पंपासारखी, ताकद खर्चून माल चढावर नेणारी.

अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकांच्या आतल्या पापुद्र्यावर एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. मधली हमाली करतं ते सायटोक्रोम सी, पोटात लोह असलेलं, तांबूस, चिमुकलं. या देवाणघेवाणीत सुटलेल्या ऊर्जेवर पापुद्र्यातले पंप प्रोटॉन नावाचे कण पलीकडं चढवतात. जसं टेंभूला कृष्णेचं पाणी उपसून दुष्काळी तालुक्यांकडं चढवतात, तसं. मग तेच प्रोटॉन खाली उतरतात ते एका फिरत्या प्रथिनातून. कोयनेचं पाणी पोफळीला टर्बाइन फिरवतं ना, तसं हेही खरोखर गरगर फिरतं आणि एटीपी तयार करतं. एटीपी म्हणजे पेशीची वीज. पंपांची ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली आणि 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कमलाताईंचा बटाटा त्याच्या कितीतरी आधीचा.

विलायतेत न राहता त्या 1939 मध्येच परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. 1947 मध्ये लग्न होऊन मुंबईत आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून नीरेवर संशोधन केलं. गरिबांच्या, आदिवासी बायामुलांच्या आहारात तिचा उपयोग दाखवला आणि त्यासाठी राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. एवढं करूनही संस्थेचं संचालकपद हातात यायला काही वर्षं वाट बघावी लागली. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत पडल्या, 1982-83 मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या, 'कीमत' मासिकात लिहीत राहिल्या. 1998 मध्ये त्या गेल्या.

मैत्रिणींनो, दर जून महिन्यात मला एखादी तरी हुशार पोरगी अशी दिसते, की मार्क आहेत, इच्छा आहे, पण कॉलेज लांब म्हणून घरातच अडते. पेशीचं दार समोरचा कण आपल्यात बसतो का, एवढंच बघतं, म्हणून तर पेशी जगते. कमलाताईंना दार बाहेरच्यांनी अडवलं होतं, घरच्यांनी नाही. आपल्या लेकीच्या बाबतीत निदान तेवढं तरी आपल्या हातात आहे.