समजून घ्या : कॅन्सरच्या पेशी शरीराबाहेर जगवणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

सातारा, सांगलीच्या कॉलेजांत आज बायोटेक्नॉलॉजीचे विद्यार्थी ‘टिश्यू कल्चर’ शिकतात. प्राण्यांच्या पेशींवर असे संशोधन करणारी देशातील पहिली प्रयोगशाळा डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत उभारली.

कोण होत्या डॉ. रणदिवे?
जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७. माहेरच्या कमल समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. सांगलीचे विलिंग्डन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचेच हे कॉलेज. मुलीने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा. कमलताईंनी मात्र संशोधन निवडले. १९३९ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. १९४९ मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली.

परत का आल्या?
अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी काम केले. प्रसिद्ध ‘हेला’ पेशी याच प्रयोगशाळेत जगवल्या गेल्या. तिथे शिकलेले तंत्र घेऊन त्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात परतल्या. परदेशात शिकलेल्यांनी मायदेशी यावे, हा त्यांचा आग्रहच होता.

बाटलीत काय दिसते, काय नाही?
निर्जंतुक बाटलीत, पोषक द्रवात, ३७ अंश तापमानाला पेशी वाढतात. पण बाटलीत रक्त नसते. शरीरात गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, असे अमेरिकी सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. त्यामुळे शास्त्रज्ञ उबवणीच्या अंड्याचे कवच थोडे कापून आतल्या पडद्यावर गाठीचा तुकडा ठेवतात. काही दिवसांत त्याकडे वळणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मोजता येतात. उंदरांवरही असे प्रयोग होतात.

रणदिवेंचे योगदान काय?
बाटली आणि जिवंत प्राणी, दोन्हींची गरज त्यांनी ओळखली होती. उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनाचा कॅन्सर, आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा संबंध तपासला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे संचालकपद सांभाळले. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

गाठीचा रक्तपुरवठा रोखणारी औषधे आज उपलब्ध आहेत. अशा औषधांची पहिली परीक्षा आजही बाटलीतल्या पेशींवरच होते. पेशी बाटलीत वाढवण्याचे हेच तंत्र घेऊन कमलताई परतल्या होत्या.