शिकारी राजाचा न्याय

राजर्षी शाहू छत्रपतींचे स्मरण आपण आरक्षण आणि शिक्षण यांसाठी करतो; त्यांचे शिकारीचे वेड मात्र राजेशाही छंद म्हणून बाजूला सारतो. कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले आणि १८९४ मध्ये कोल्हापूरचा कारभार हाती घेतलेले महाराज पट्टीचे घोडेस्वार होते. शिकारी कुत्र्यांनी उठविलेल्या रानडुकरामागे भाला घेऊन घोडा घालणे त्यांना मनापासून आवडे.

परंतु रानात राजालाही रानाच्या जाणकारांवाचून गत्यंतर नसते. पारधी हे असे जाणकार. इंग्रजी कायद्याच्या लेखी मात्र जन्मजात गुन्हेगार. महाराजांनी फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या आणि राहण्यास घरे दिली. १९१८ मध्ये त्यांनी संस्थानातील काही जातींवरील हजेरीची सक्तीही उठविली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत ते निवर्तले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, हे योग्यच झाले. गुन्हेगार जमातींचा कायदा तर त्याआधीच, १९५२ मध्ये रद्द झाला होता; समाजाच्या मनातील संशय मात्र पुरता गेलेला नाही. ज्यांना जग चोर समजत होते, त्यांच्याच हाती पहारा सोपविणाऱ्या राजाकडून आपण एवढे तरी शिकावयास हवे.